ठिपक्याची दाढ

पुतळाबाई : दाराला हात लावू नको, धर्मा! काठी आणलीस तशी परत ने.

धर्मा : मावशी, ऐक ना. अख्खी चाळ खाली जमलीय. ठिपक्या पिसाळलाय म्हणतात. लाळ बघ किती गळते! रात्री कर्फ्यूत कुणाला चावला तर डॉक्टर कुठून आणायचा?

पुतळाबाई : पिसाळलेला कुत्रा पाणी पितो का रे मेल्या? हा बघ, पितोय. मान वाकडी करून, एका बाजूनं. वास घे तोंडाचा.

धर्मा : बाप रे! डोळ्याखाली लिंबाएवढं सुजलंय.

पुतळाबाई : दाढ आहे ती. चार दिवस भाकरी कुस्करून देते, तीसुद्धा तोंडात धरवत नाही त्याला. थांब, दाखवते.

धर्मा : मावशी, हात काढ! पाया पडतो तुझ्या!

पुतळाबाई : हात राखून काय करू? माझ्या चंदूला जाऊन अकरा दिवस झाले. त्याचं म्हणून एवढंच जनावर उरलंय घरात. हे बघ, दाढेचा टवकाच उडालाय. मुळाशी पू झालाय. कशानं फुटली रे?

(धर्मा काठी भिंतीला टेकवतो आणि खाली बसतो.)

धर्मा : दगडानं.

पुतळाबाई : कुणी मारला?

धर्मा : मारला नाय. नाक्यावर ‘मुंबई आमची’ ओरडत आम्ही पोलिसांवर दगड टाकायचो. हा तेच तोंडात धरून परत आणायचा. मीच शिकवलं. सगळे हसायचे.

पुतळाबाई : आणि चंदू? पोलीस म्हणाले, तोही टाकत होता.

धर्मा : नाय गं मावशी. त्यानं एक खडा उचलला नाय. ठिपक्या दगडामागे पार त्यांच्या बंदुकांपर्यंत धावला. चंदू त्याला आणायला गेला. नुसता हाका मारत होता, ‘ठिपक्या, मागे फिर.’ तेवढ्यात त्याला गोळी लागली.

(पुतळाबाई पदराच्या टोकानं ठिपक्याची लाळ पुसते.)

धर्मा : मावशी, शिव्या दे मला. नकोसा झाला असेल ठिपक्या तर सांग, आत्ता नेतो खाली.

पुतळाबाई : कर्फ्यू किती वाजेपर्यंत उठलाय?

धर्मा : सहापर्यंत.

पुतळाबाई : परळचा जनावरांचा दवाखाना गाठू. ज्याला आणायला माझा पोरगा गेला, त्याला काठीनं मरू देऊ होय? ऊठ, उचल त्याला.

धर्मा : मी?

पुतळाबाई : तूच. आणि डावा गाल जपून धर, दुखतो त्याला.