तेल निवळू द्या

बायांनो, दादांनो, सुमनताईंच्या घरच्यांनो, या शोकसभेला सगळे आलात, बरं झालं. मी घाबरट बाई नाही. इथल्या कित्येकजणी मलाच घाबरतात. तरी आज सांगते, मला भीती वाटते. फार भीती वाटते.

आपल्या पांढुर्ण्याच्या बचतगटात वापरलेल्या तेलाच्या मेणबत्त्या सुमनताईंनीच सुरू केल्या. कचोरीवाल्यांचं काळं तेल गाळायचं, निवळू द्यायचं, मग तापवून त्यात मेण विरघळवायचं. गटाची अध्यक्ष म्हणून मी नाक मुरडलं, तर म्हणाल्या, "मॅडम, वास तेलाचा नाई, तुमच्या नाकाचा हाय!"

त्या दिवशी तेलाचा डबा सौंसरहून बसने आला. रस्ताभर हिंदकळलेला. तळाशी बसलेलं पाणी सगळ्या तेलात मिसळलेलं. एरवी त्या असा डबा रात्रभर कोणाला हलवू देत नसत. पण दुकानदार माल मागत होता. "थांबून राहिलो तर गिऱ्हाईक निघून जाईन," म्हणाल्या आणि तेल कढईत ओतलं. आतल्या पाण्याने ते फसफसलं, उतू गेलं, पेटलं. सून वनिता पाण्याची बादली घेऊन धावली. "पाणी नोको!" त्या ओरडल्या. तिला दाराबाहेर ढकललं आणि सिलिंडर बंद करायला वळल्या. सिलिंडर बंद झाला. पण पदराने पेट घेतला होता.

नागपूरला नेलं. त्या परत आल्या नाहीत.

तेव्हापासून घरी मोहरी तडतडली तरी मी स्वयंपाकघरातून बाहेर पळते. आणि काल वनिता मला काय म्हणाली?

"काकू, सोमवारी कढई चढवून राहिली मी."

"वेडी झालीस?"

"आत्याबाईनं उभं केलेलं काम हाय. बंद पडलं त पडलंच. भेता काऊन? मीबी भेतोच ना."

हे काम बंद करा, असं सांगायला मी आज आले होते. पण तिला मी कसला धाक दाखवणार? तिने ते डोळ्यांनी पाहिलं आहे.

तर वनिता, ऐक. सोमवारी मी येणार. भीती वाटेल, वाटू दे. तेल निवळलं की नाही, दोघी मिळून पाहू. शेगडीपाशी बादली नसेल, झाकण आणि वाळू असेल. गिऱ्हाईक दारात ओरडलं, तर त्याच्याशी मी बोलेन.

सुमनताई, नमस्कार.

आता श्रद्धांजलीसाठी सगळ्यांनी उभं राहा. घड्याळ कोणी पाहू नका. मी सांगेपर्यंत कोणी हलायचं नाही.