तिसरं पिंप

ताई: आणखी एक मासा तरंगतोय. तो कोपऱ्यातला. त्याला काढ, का त्याचंही निरीक्षण चाललंय?

धाकटा: काढतो, ताई. जाळी त्या बाजूला पोचत नाहीये.

ताई: जाळी पोचत नाही, पालक वाढत नाही, मासे जगत नाहीत. तुझ्या वस्तूच सगळ्या नाठाळ, तू तेवढा गुणी.

धाकटा: पंप तरी नीट चाललाय. ऐक ना, पाणी वर चढतंय.

ताई: ऐकतेच आहे. पाणी वर चढतं, पिंपात साठतं, आणि मग कोणीतरी संडासची साखळी ओढावी तसं घळाघळा खाली येतं. दिवसभर आणि रात्रभर. माझ्या खोलीची खिडकी इकडेच उघडते, हे तुझ्या नकाशात नव्हतं वाटतं.

धाकटा: ते तसंच यायला हवं. उभ्या नळीवर वरून बंद असलेली मोठी नळी पालथी घालायची. पाणी आतल्या नळीच्या तोंडाशी आलं की आपोआप ओढलं जातं, पिंप रिकामं होतं, मुळांना हवा मिळते. ते एक जमवायला मला किती पाइप कापावे लागले—

ताई: मला माहीत आहे. तुकडे मी झाडलेत. पाइप चिकटवायच्या सोल्यूशनचा डबा माझ्या देवळीत ठेवला होतास, झाकण उघडं टाकून. दोन दिवस डोकं धरून बसले होते मी.

भंगारवाला: सिस्टर, येऊ का आत? टेम्पो मागच्या फाटकाला लावलाय.

ताई: या. तुमचीच वाट बघत होते. ही खालची पांढरी टाकी, तिचा लोखंडी पिंजरा, वरची तिन्ही निळी पिंपं आणि ती घडवंची. सगळं उचला.

भंगारवाला: माझ्याकडून नेलेलं, मलाच परत. आपलं काही म्हणणं नाही. पण टाकीचं डोकं उडवलंय की हो. आणि पिंपं तर कलिंगडासारखी चिरलीत. आता यात कोण काय भरणार?

ताई: ते या शास्त्रज्ञांना विचारा. पिंपात खडे भरतात, खड्यांत पालक लावतात, आणि खाली मासे पोहतात. पोहत होते.

भंगारवाला: मातीशिवाय पालक?

ताई: मातीशिवाय, अकलेशिवाय.

धाकटा: माशांच्या घाणीवर झाडं वाढतात. झाडं पाणी स्वच्छ करतात, ते परत माशांना. एकमेकांच्या जिवावर जगतात.

ताई: याला ते चटकन समजलं बघा. हा माझ्या जिवावर जगतो ना.

धाकटा: ताई, बाहेरच्या माणसासमोर—

ताई: बाहेरचा माणूस कसला? तुझ्या सगळ्या उद्योगांच्या अंत्यविधीला हेच येतात. पलंगाखालच्या अळंब्यांच्या परड्या यांनीच नेल्या. मेणबत्त्यांचे साचे यांनीच नेले. मधमाश्यांची पेटी तेवढी नेली नाही.

भंगारवाला: त्यात माश्या होत्या, सिस्टर.

ताई: असो. या खेपेला आधीच ठरलं होतं. मासे जगले तर सगळं राहील. मेले तर भंगारात, आणि हे शास्त्रज्ञ सोमवारपासून मधल्या बहिणीच्या नवऱ्याच्या गोदामात, फाटकाशी खुर्ची टाकून गाड्या मोजत बसतील. ठरलं होतं की नाही?

धाकटा: ठरलं होतं.

ताई: मग चेहरा का पाडतोस?

धाकटा: कारण हे चालत होतं, ताई. बाकी सगळं फसलं, मान्य. पण हे खरंच चालत होतं. पालकाला पानं धरली होती. मासे मला बघून वर यायचे. या वयात मला पहिल्यांदा वाटलं की आपल्या हातून एक गोष्ट उभी राहिली. आणि आता बघ, सगळे वर तोंड करून धापा टाकतायत. मला एकच शंका येतेय. या टाकीत आधी काय होतं कोणास ठाऊक.

भंगारवाला: अहो, टाकीला बोल लावू नका हां. सरबताच्या कारखान्यातली टाकी ती. धुऊन दिली तरी मुंग्या येत होत्या. मुंग्या विषाला येतात का?

ताई: उगाच दुसऱ्यावर ढकलू नकोस. घाणीने मेले ते. मी पहिल्या दिवसापासून सांगत होते. खड्यांत हात घातला की शेवाळं, बुळबुळ, आणि वास तर असा की शेजारीण नाकाला पदर लावून जायची. तर म्हणे, ताई, त्या बुळबुळीत जंतू राहतात, त्यांना धक्का लावायचा नाही.

धाकटा: तेच तर मुख्य काम करतात. माशांची घाण विषारी असते. जंतू तिचं खत करतात. ते खड्यांना धरायलाच इतके आठवडे गेले. तोवर मी एकही मासा सोडला नव्हता.

ताई: ऐकताय ना? मी जन्मभर ऑपरेशन थिएटरात जंतू मारले, आणि हा माझ्या अंगणात पाळतो.

भंगारवाला: पोसतो, सिस्टर, पोसतो. बरं, दोर टाकू का पिंपाला?

ताई: टाका. आणि तू, माझ्याकडे असा बघू नकोस, मी दुर्लक्ष केलं म्हणून. नवा पंप आणायला तू गावाला गेलास तेव्हा तुझा हा संसार मीच सांभाळला. वेळेवर खाणं घातलं. पाण्यावरचा कचरा काढला. शिवाय तू परत आलास तेव्हा पाणी कसं आरशासारखं होतं, तूच म्हणालास.

धाकटा: म्हणालो होतो. तळ दिसत होता.

ताई: उगाच नाही दिसत. पालक उपसून बाजूला ठेवला, पिंपांतले खडे खाली काढले, फिनेल घालून घासले, कढत पाण्याने तीनदा खळबळले आणि होते तसे परत भरले. कंबरेचा काटा ढिला झाला. तुला तर पत्ताही लागला नाही.

(वरच्या पिंपातून घळाघळा पाणी उतरतं.)

ताई: का रे? कुठे निघालास?

धाकटा: काही नाही. दोर घट्ट आवळा हो, घडवंची हलते. आधी पंपाची वायर काढतो.

ताई: आत्तापर्यंत जिवावर आल्यासारखा करत होतास, आणि आता स्वतःच वायर काढतोस?

धाकटा: ठरलं होतं ना आपलं. मासे मेले. माझंच काहीतरी चुकलं असणार. खाणं जास्त झालं असेल. सोमवारी जातो गोदामात.

भंगारवाला: पण साहेब, मला एक कळलं नाही. मग ते जंतू कुठे गेले?

धाकटा: तुम्ही दोर बघा.

भंगारवाला: नाही, तुम्हीच म्हणालात, जंतू खड्यांवर बसतात, ते विष खातात. सिस्टरनी तर खडे फिनेलने—

धाकटा: दोर बघा म्हटलं ना.

ताई: थांबा. दोघेही गप्प बसा. तू गावाहून आलास कधी?

धाकटा: ताई, सोड ना.

ताई: पेशंट बिघडला की आधी काय विचारायचं, मी नव्या पोरींना हेच शिकवलं. बिघडायच्या आधी त्याला काय दिलं. मासे धापा टाकायला लागले ते तू आल्यावर. त्याच्या आधी मी खडे घासले. म्हणजे मी मारले.

धाकटा: नाही गं. तशीही थंडी पडली होती—

ताई: खोटं बोलू नकोस, तुला ते जमत नाही. तुला काहीच जमत नाही. एक हे जमलं होतं, त्यावर मी फिनेल ओतलं. आणि तू मला सांगणारही नव्हतास. गोदामात खुर्ची टाकून जन्मभर त्यागमूर्ती होऊन बसणार होतास, आणि मी दिवाळखोर भाऊ म्हणून तुझ्या नावाने खडे फोडत राहिले असते.

धाकटा: तू कंबर मोडून घासलंस. माझ्यासाठीच ना? मग काय सांगायचं तुला?

ताई: सांगायचं की ताई, तू गाढव आहेस.

भंगारवाला: असं ते कसं म्हणतील, सिस्टर?

ताई: तुम्ही मध्ये बोलू नका. मला वाईट वाटतंय. हे एकदाच सांगते, परत काढायचं नाही. आता हे सांग, बाकीचे वाचतील का?

धाकटा: जंतू नव्याने धरायला पुन्हा तेवढेच आठवडे लागतील. तोवर हे टिकणार नाहीत. तू तिन्ही पिंपं धुतलीस ना?

ताई: दोन. तिसऱ्याला वाकले तेव्हा कंबरेत लचक भरली. उद्या करीन म्हटलं, आणि तू आलास.

धाकटा: तिसरं तसंच आहे? घाण?

ताई: अगदी गलिच्छ.

धाकटा: कुठलं? या टोकाचं?

ताई: ते नाही, त्या टोकाचं. अहो, काय करताय, दोर काढा त्याचा. हात लावू नका त्या पिंपाला.

भंगारवाला: आत्ताच तर आवळा म्हणाले.

ताई: आत्ताचं आत्ता गेलं. सोडा. तू असा उभा राहून हसू नकोस, काय करायचं ते बोल.

धाकटा: त्यातले थोडे थोडे खडे बाकी दोघांत मिसळायचे, म्हणजे जंतू तिकडेही पसरतील. टाकीतलं अर्धं पाणी काढायचं, नवीन भरायचं. पंपाची वायर परत लावायची, आणि आजपासून खाणं बंद.

ताई: नळाचं पाणी थेट घालू नकोस, त्यात जंतू मारायचं औषध असतं. न्हाणीघरात कालपासून उघड्या बादल्या भरून ठेवल्यात, त्यातलं ते उडून गेलं असेल, त्या आण. तुम्ही काय बघताय? बादल्या उचलायला दोन हात आहेत ना?

भंगारवाला: टेम्पो रिकामा न्यायचा, आणि वर पाणी वाहायचं. चांगला धंदा आहे माझा.

ताई: पुढच्या खेपेला पालक न्या. आला तर.

धाकटा: ताई, तू नको वाकूस. आणि हातमोजे तरी घाल.

ताई: नकोत. मोज्यांना पावडर असते, ती पाण्यात उतरेल. शी, काय बुळबुळीत लागतंय हे.

धाकटा: तेच ते.

ताई: धुवायचं नाही.

धाकटा: नाही.

ताई: जन्मात मी कोणाला असं सांगितलं नव्हतं. काय वास आहे रे.

धाकटा: दोन-तीन आठवडे असाच येणार. तुझ्या खोलीची खिडकी लावून घेतो मी.

ताई: उघडी राहू दे. रात्री पाणी उतरायचं थांबलं, तर मला कळायला नको?