गोदाबाईनं मारलेली हाक

मंडळी, ऐका! देवानं गळा एकच दिला, पण आवाज किती तऱ्हांचे! सासूचा चढलेला, सुनेचा दबलेला, ग्रामसभेत उठवलेला — आणि तासभर ओरडून बसलेला, तो माझा! हसा, हसा! पण एक सांगा. मनात मणभर माया आहे, आणि ती आवाजात कधी उतरलीच नाही, तर समोरच्याला पोचते का हो?

गोदाबाई म्हणून एक म्हातारी. नवऱ्याला घेऊन भैरोबाच्या जत्रेला आली. त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, दिसत काही नाही. "हितंच बसा, नारळ घिऊन आले," म्हणाली. परत येते तर — जागा रिकामी! पालखीच्या रेट्यात म्हातारा गेला कुठल्या कुठं!

धावत माईकवाल्याकडं गेली. तो म्हणाला, "आजी, नाव सांगा."

"आमचं हे."

"हे म्हणजे कोण?"

"हे म्हंजे... हेच की!"

आता काय करायचं? नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य घटतं, असं आईनं शिकवलेलं. लग्नात उखाण्यात एकदा पुटपुटली, त्यानंतर पन्नास वर्षं नाही! शेवटी माईकवाल्यानं पुकारलं — "पांढरा पटका, हातात काठी, असे आजोबा मंडपात या!" आले ना! एक नाही, सात आले! गोदाबाई एकेकाला बघते, "हे न्हवं. हे बी न्हवं."

तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "अहो, एक आजोबा चाचपडत बारवेकडं निघालेत!" बारव म्हणजे जुनी पायऱ्यांची विहीर. कठडा नाही! मध्ये ही गर्दी! धावून पोचणार कोण? म्हातारी माईककडं झेपावली. तिनं माईक हिसकावला —

"केरबाऽऽ! थांबा! म्होरं पाऊल टाकू नगा!"

केरबानं उचललेला पाय मागं घेतला. तिथंच उभा!

धापा टाकत ती पोचली. बघते तर म्हातारा रडतोय. "लागलं का वो कुठं?"

"न्हाई गं. समदी आबा म्हनत्यात. आय गेल्यापास्नं केरबा म्हनून कुनी हाकच मारली न्हवती. आजून एकदा म्हन की."

लाजली हो गोदाबाई! तोंडाला पदर लावला. पण म्हणाली, त्याच्या कानाशी, हळूच — "केरबा, चला घरला."

आता तुमचं सांगा, मायबापांनो! देवाचं नाव टाळ कुटून घेता, छान! पण जिच्या हातचं रोज जेवता, तिला नावानं हाक कधी मारली? 'अगं ए' नव्हे, नावानं! का हो पाटील, मान खाली का? आज घरी गेलात की देवघराआधी चुलीपाशी जा, आणि मारा हाक. ती दचकेल. "काय झालं?" म्हणेल. काही झालं नाही म्हणा — सहज मारली.