नऊ नावांचा दादा

...नाही, पण नऊ? घरात बाळाचं नाव ठेवताना एवढी भांडणं होतात, तरी शेवटी ठेवतात ना एकच? आणि हा आमचा दादा, माझा चुलतभाऊ, शिलाई मशीन दुरुस्तीचं एवढंसं दुकान, आणि त्याच्या वेबसाइटला नावं नऊ! 'स्वस्त मशीन दुरुस्ती' टाका, दादा. 'घरपोच मशीन दुरुस्ती' टाका, दादा. कुठूनही शिरा, सगळी नावं वळून वळून त्याच्याच एका पानावर येतात. आणि त्या पानावर आहे काय? एक फोन नंबर आणि दादाचा फोटो, मशीन तान्ह्या बाळासारखं मांडीवर घेतलेला. तरी लोकांनी काहीही शोधलं की हा पहिला! आमचं दुकान चौथ्या पानावर. चौथ्या पानावर कोण जातं हो? मी जाते. रोज. आम्ही अजून आहोत ना तिथे, ते बघायला.

तुम्हाला सांगते, हा जळफळाट नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे. आमचं नाव एकच, पण खरं.

आता आमचे बाबा. चाळीस वर्षं मशीनं दुरुस्त करतायत. फोनवर नुसती खडखड ऐकून सांगतात, "ताई, सुई उलटी बसलीय, काढून परत लावा," आणि फोन ठेवून देतात. म्हणजे आलेलं गिऱ्हाईक घरबसल्या बरं करून पाठवतात! दादा सगळं शिकला ते आमच्याच काउंटरवर, बाबांच्या हाताखाली. मग दोन गल्ल्या सोडून स्वतःचं दुकान काढलं, आणि वर येऊन गोड आवाजात म्हणतो, "काका, एकटे कशाला दगदग करता, माझ्याकडे येऊन बसा ना." बाबा हो म्हणणारच होते, मीच मध्ये पडले. म्हटलं, दुकान बंद करायचं नाही. मला सहा महिने द्या, वेबसाइटवरून गिऱ्हाइकं आणून दाखवते.

आली की! दारात उभी राहून विचारायची, "दादांचं दुकान हेच का?" आणि बाबा हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवून, चष्मा कपाळावर चढवून, रस्त्यापर्यंत जाऊन सांगायचे, "सरळ जा, दुसऱ्या गल्लीत डावीकडे वळा, निळी पाटी." मी म्हटलं, बाबा, निदान निळी पाटी तरी सांगू नका. तर म्हणतात, "अगं, माणूस भटकेल."

पाच महिने असे गेले. शेवटी दादालाच गाठलं. नऊ नावं कशाला रे? तर मान तिरकी करून म्हणतो, "अगं, मला त्यातलं काय कळतंय? वेबसाइटवाला म्हणाला, नावं घ्या, सगळी तुमच्याकडे वळवतो, वर चढाल. आठ घेतली, ढिम्म हललो नाही. नववं कुणीतरी सोडून दिलेलं जुनं मिळालं, आणि काय सांगू, फोन थांबेना!" कुठलं जुनं, हे विचारायचं मला सुचलंच नाही. मी तेव्हा तत्त्वाचा विचार करत होते. घरी येईपर्यंत तत्त्वाने अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

त्या दिवशी बाबा म्हणाले, "त्याने काहीतरी केलंच असेल की. तू काय केलंस?" लागलं हो मला. म्हटलं थांबा, दाखवते. कॉलेजात तीन वर्षं खपून मी एक वेबसाइट केली होती. बाबा सांगतील तो प्रत्येक बिघाड, माझ्या हातच्या चित्रांसकट, दोनशे पानं! कितीतरी शिवणक्लासांनी 'इथे वाचा' म्हणून तिचा पत्ता आपापल्या वेबसाइटवर दिला होता, अजूनही आहे. पुढे दुकानाच्या नावाची नवी वेबसाइट काढली आणि ते जुनं नाव मुदत संपल्यावर सोडून दिलं. का? तत्त्व! आमचं नाव एकच, पण खरं...

बाबांच्या समोर ते जुनं नाव टाकलं, म्हटलं, काहीतरी उरलं असेल. पान उघडलं. मांडीवर मशीन घेतलेला दादा.

म्हणजे बघा, सगळे क्लास माझ्या नावाकडे बोट दाखवतायत, आणि माझं नाव दादाकडे! जितकी बोटं जास्त, तितकं पान शोधात वर. पाच महिने मी ज्याच्यावर जळत होते, ते माझंच होतं.

तशीच तणतणत दादाकडे गेले. वाटलं, नाही म्हणेल, मग मी भांडेन, काय काय बोलायचं ते वाटेत पाठसुद्धा केलं. तर तो पांढराफटक. म्हणाला, "तुझं होतं? मग घे ना परत." काय माणूस आहे, धड भांडूही देत नाही! त्याच्यामागे भिंतीला लागून वीसेक मशीनं पडली होती, प्रत्येकावर चिठ्ठी. एकट्याला उरकत नव्हती. बाबा माझ्या मागून आलेले, ते त्यातल्या एकाचं चाक फिरवून कान लावून उभे.

"ही सगळी माणसं तू पाठवलीस?" बाबांनी विचारलं.

"हो."

"आणि त्याला शिकवलं मी."

"हो..."

"मग आपण तिकडे रिकामे का बसलोय?"

सहावा महिना संपायच्या आत बाबा आपली पेटी घेऊन तिकडे गेले. दादाने स्वतःची खुर्ची दिली त्यांना, स्वतः स्टुलावर बसतो. आमच्या शटरवर कागद लावलाय, सरळ जा, डावीकडे वळा, निळी पाटी. ते जुनं नाव मी परत घेतलंच नाही. राहता राहिली आमची वेबसाइट. बाबा म्हणाले, "तिथे कुणी चुकून आलं तर? माणूस भटकेल." मग वळवली. मीच. अगदी चोख.

दादाला आता दहा नावं आहेत. दहावं आमचं. एकच, पण खरं.