धुतलेले दगड

नंदाबाईच्या नवऱ्याला छातीचा फोटो काढायला आत नेलं होतं. ती बाहेर बाकड्यावर बसली होती, तेवढ्यात डॉक्टरांच्या खोलीतून एक म्हातारी आणि तिचा मुलगा बाहेर आले आणि शेजारीच टेकले. ऐकायचं नव्हतं तिला, पण दवाखान्यात बाकडं एकच होतं.

"नवाज, मासे कधी आणतोस?"

"अजून महिना जाईल, अम्मी."

"टाकी कधीची भरलीये. मीठ घातलंस, दिवे लावलेस, आणि तुझे अब्बा पडल्या पडल्या नुसतं पाणी बघतायत."

"समुद्राचं पाणी आधी मुरावं लागतं. टाकीतल्या दगडांत बारीक जीव असतात, ते माशांची घाण खातात. तयार झाले होते ते. या जुम्म्याला मासे सोडणार होतो."

"मग?"

"मग तू दगड धुतलेस."

"वास मारत होते. माणसं येतात त्यांना बघायला."

"गरम पाण्यानं, अम्मी. साबण लावून."

"आजारी माणसाच्या खोलीत घाण कशी ठेवायची?"

नवाजनं डॉक्टरांचा कागद घडी करून खिशात ठेवला.

"त्यांना आवडायचा तो वास. आपल्या श्रीवर्धनचा वास आला म्हणायचे. मी घासत होते तेव्हा काही बोलले नाहीत, भिंतीकडे तोंड केलं."

"जाऊ दे आता."

"आत मला नीट कळलं नाही. डॉक्टर त्यांना महिना आहे म्हणाले का रे?"

"नाही."

"मग उद्याच आण मासे."

"त्या पाण्यात जगायचे नाहीत ते."

"किती जगतील?"

"आठवडा. फार तर."

"पुरे तेवढं."