आईचा चोरकप्पा

अरे, आम्ही रोमला निघालो तेव्हा कुणीतरी आईच्या डोक्यात भरवलं, तिकडे खिसेकापू फार! झालं. मार्कहॅमच्या आमच्या बेसमेंटमध्ये बसून तिने माझ्या बनियनला चोरकप्पा शिवला आणि पासपोर्टही स्वतःच आत ठेवला. एअरपोर्टवर काउंटरवरची बाई म्हणाली, "पासपोर्ट, प्लीज." मी शर्टाची बटणं काढून हात घातला, तर कप्प्याला तोंडच नाही! आईने चारही बाजू शिवून टाकल्या होत्या. तिथे कात्री कोण देणार? शेवटी अख्ख्या लायनीसमोर बायकोने दातांनी टाके उसवले. मी चिडून आईला फोन लावला. ती शांतपणे म्हणाली, "तुला काढता आला नाही ना? मग चोराच्या बापालाही येणार नाही."