जाळीसकट

धाकटी: ताई, हात बाजूला घे. ओव्हन मी उघडते.

थोरली: कुठला हात? उजवा तर केव्हाचा बाजूलाच पडलाय.

धाकटी: असं बोलू नकोस गं.

थोरली: मग तूही मध्ये लुडबुड करू नकोस. सर तिकडे, सिंकपाशी. शेगडीसमोर एका वेळी एकच बाई. कँटीनमध्ये हाच नियम होता माझा. मॅनेजरसुद्धा पिवळ्या पट्टीच्या अलीकडे उभा राहायचा.

धाकटी: हे कँटीन नाही. आणि तुला अर्धांगाचा झटका आल्यापासून पहिल्यांदाच इतकी माणसं येतायत घरात. निरोप तुझा, सत्कार तुझा, आणि रांधणारही तूच? कँटीनवाले तुला चांगल्या हॉटेलात जेवायला घालणार होते.

थोरली: घालणार होते ना! खुर्चीत बसवायचं, मांडीवर फुलांचा गुच्छ ठेवायचा, आणि माझ्या ताटातलं दुसऱ्या कुणी बारीक कापून द्यायचं. मी सरळ सांगितलं, निरोप द्यायचा असेल तर माझ्या घरी या आणि माझ्या हातचं जेवून जा. अगं, पीठ मळता मळता कोसळले मी. पिठाचे हात घेऊनच दवाखान्यात गेले. सगळा जन्म त्या भटारखान्यात गेला आणि शेवटचं जेवण तेवढं अर्ध्यावर राहिलं.

धाकटी: कळतंय मला. पण एका हाताने?

थोरली: बघ आता. बोलू नकोस, बघ.

धाकटी: अगं, हातमोजा! मोजा तरी घाल!

थोरली: तो खिळ्याला अडकवलाय बघ, तोंड वर करून. चिमट्याने उघडाच धरून ठेवलाय. नुसता हात खुपसायचा. झाला घालून. आधी दातांनी ओढायचे, एकदा दातच हलायला लागला तेव्हा ही अक्कल सुचली. आता दार उघडते. वाफ जाऊ दे.

धाकटी: अरे! ट्रे बाहेर आला की!

थोरली: दाराबरोबर आला. दाराच्या आतल्या बाजूला ही जाळी टांगलेली आहे ना, तिच्यातच बसतो ट्रे. दार उघडलं की कोंबडी आपल्या पायांनी चालत समोर येते. आत वाकायचं नाही, ओढायचं नाही, काही नाही.

धाकटी: ही ओव्हनवाली शेगडी घेतलीस तेव्हा तर ही जाळी नव्हती.

थोरली: होती. खालच्या कप्प्यात, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली. शेगडी बसवणारा म्हणाला होता, बाई, ही दाराला अडकवा, फार सोयीची आहे. मी म्हटलं, मला काय धाड भरलीय? दोन हात आहेत मला. ठेवून दिली. बर्नरवर बसवायचं कडं, सपाट तवा, ट्रेमधली उंच जाळी, सगळं त्या कप्प्यात धूळ खात पडलं होतं.

धाकटी: मग सापडली कशी?

थोरली: तुझे भाऊजी शेगडी विकायला निघाले होते.

नवरा: विकायला नव्हतो निघालो. किंमत विचारली होती नुसती. आणि मेहुणीबाई, जरा सरा, ट्रॉली आणतोय. गाडी रिव्हर्समध्ये आहे.

धाकटी: भाऊजी, दार वाजवून तरी या!

नवरा: हॉर्न नाही हिला. आयुष्यभर बस चालवली, पण या स्वयंपाकघराइतका अवघड घाट नाही पाहिला. हां, तर विकायचं काय. ही दवाखान्यातून घरी आली, आणि सहा बर्नर नि दोन ओव्हन असलेल्या या धुडाकडे नुसती बघत बसायची. जेवायची नाही, बोलायची नाही. मला बघवेना. म्हटलं, हे समोरून गेलं तर बरं. छोटी शेगडी आणू, चहापुरती.

थोरली: गिऱ्हाईकसुद्धा आणलं होतं.

नवरा: आणलं होतं, खरंय. त्याला दाखवायला म्हणून मी खालचा कप्पा रिकामा केला. सामान जमिनीवर मांडलं. ही तिथून उठली, भिंत धरून आली, ती जाळी उचलली आणि त्या माणसाला म्हणाली, "चहा घ्या आणि निघा." घरी आल्यापासूनचं पहिलं धड वाक्य ते!

थोरली: बिचाऱ्याला चहासुद्धा मिळाला नाही.

नवरा: चहा करणार कोण होतं? मग सुरू झाली हिची प्रॅक्टिस. थंड ओव्हन, ट्रेमध्ये विटा. फडक्यात गुंडाळून. दार उघड, दार लाव. दार उघड, दार लाव. शेजारी विचारायचे, घरात काय बांधकाम काढलंय का?

थोरली: विटा आधी एकेक करून वाढवल्या. किती वजनाला जाळी कुरकुरते ते कळायला हवं ना. म्हणून तर आज अख्खी कोंबडी नाही, तुकडे आहेत. रिकामा ट्रे आधी जाळीत बसवायचा, मग चिमट्याने एकेक तुकडा, एकेक बटाटा लावायचा. भरलेला ट्रे उचलायचाच नाही मुळी. एक खेप झाली, ती झाकून ठेवलीय. ही दुसरी. तो मोठा चमचा दे. रस्सा वरून सोडते.

धाकटी: दे, मी सोडते.

थोरली: चमचा मागितला मी.

धाकटी: घे बाई. ...रंग काय सुंदर आलाय गं.

थोरली: येणारच. लसूण सालीसकट टाकलाय, करपत नाही. लागलं दार. आता सांगा, ट्रॉली लेव्हलला आहे का?

नवरा: तंतोतंत. मेहुणीबाई, ही ट्रॉली म्हणजे आपली चहाची जुनी ट्रॉली. पाय कापले, वर फरशीच्या उरलेल्या लाद्या चिकटवल्या. उजव्या ओव्हनची मधली जाळी आणि ट्रॉलीचा वरचा कप्पा, दोन्ही एका उंचीला. जाळी अर्धी बाहेर ओढली की खटका लागतो आणि तिथेच थांबते. मग भांडं नुसतं सरकवायचं ट्रॉलीवर. एक पाय जास्त कापला गेला होता, त्याला बूच लावून चाक बसवलंय.

थोरली: चार वेळा कापले पाय. शेवटी ट्रॉलीचं स्टूल होतंय की काय असं वाटायला लागलं.

नवरा: जमलं ना शेवटी? बरं मेहुणीबाई, तुमच्या गाडीच्या डिकीतून मघापासून वास येतोय. भाताचा की कशाचा. काही सांडलंय का?

धाकटी: नाही. काही नाही.

नवरा: अहो, मोठमोठे डबे दिसले काचेतून.

थोरली: कसले डबे?

धाकटी: ताटं पुसायची राहिलीत, मी पुसते.

थोरली: चिमे, कसले डबे?

धाकटी: जेवण आहे. हॉटेलातून आणलंय. सगळ्यांना पुरेल इतकं.

थोरली: कुणी सांगितलं आणायला?

धाकटी: तुझ्या मॅनेजरचा फोन आला होता. म्हणाले, बाईंना नाही म्हणवत नाही आम्हाला, पण त्यांच्या जिवाला त्रास नको. काही बिघडलं तर त्यांचा अपमान होईल. तुम्ही गुपचूप सोय करून ठेवा. मला पटलं ते. ताई, मला खरंच पटलं.

थोरली: तुला पटलं.

धाकटी: मी तुला दवाखान्यात पाहिलंय गं. पाण्याचा पेला तोंडाला लावता येत नव्हता तुला. माझ्या डोळ्यांसमोर अजून तीच तू आहेस.

थोरली: आणि मी इथे विटा आतबाहेर करत होते.

नवरा: अगं, तिच्या मनात वाईट नव्हतं...

थोरली: तुम्ही गप्प बसा. वाईट नव्हतं हेच तर वाईट आहे. वाईट असतं तर चार शब्द सुनावले असते. चला, भाज्यांचं भांडं काढायची वेळ झाली. पाहुणे येतीलच. उजवं दार उघडते. अहो, चाकं अडकवा.

नवरा: अडकवली.

थोरली: चिमे, तू बाजूलाच राहा. हा आकडा बघ, झाडूच्या दांड्याचा. जाळीच्या कडेत अडकवला, आणि हळूहळू ओढायची. अर्ध्यावर आली की खट् करून... थांबा. कुणी हलू नका.

धाकटी: काय झालं?

थोरली: खटका लागला नाही. जाळी पुढे वाकतेय.

धाकटी: अगं भांडं घसरतंय! मी धरते!

थोरली: हात लावू नकोस! मोजा नाही तुझ्या हातात, भाजशील. ...मागे ढकलते. अशी. हां. टेकली. आता श्वास घ्या सगळ्यांनी.

नवरा: असं कधी झालं नव्हतं. विटा असतानाही नाही.

थोरली: सकाळी ही जाळी कुणी बाहेर काढली होती?

धाकटी: मी. तू अंघोळीला गेलीस तेव्हा. तेलकट दिसली म्हणून घासून लख्ख केली. मग तशीच आत बसवली आणि भांडं आत सरकवलं.

थोरली: कशी बसवलीस? तिच्या मागच्या बाजूला एक उंच कड असते. ती मागे जाते आणि वर राहते. तीच अडते खाचेत, म्हणून जाळी निसटत नाही.

धाकटी: मला... मला वाटलं ती कड म्हणजे धरायची मूठ आहे. मी पुढे ठेवली. दाराच्या बाजूला. ताई, मी उलटी बसवली.

थोरली: उलटी बसवलीस.

धाकटी: तुझं सगळं नीट चाललं होतं. मी आले आणि... आता काय करायचं? एवढं जड भांडं. भाऊजींना उचलू दे.

नवरा: माझी पाठ धरलीय गं. आणि त्या भांड्याला कान केवढेसे. आतून उचलायचं म्हणजे हात पोळणारच.

थोरली: उचलायचं नाही. या घरात काही उचलत नाहीत. थांबा जरा, विचार करू द्या.

धाकटी: मी डबे आणू का गाडीतून? भाज्या राहू देत. कुणाला कळणारसुद्धा नाही.

थोरली: मला कळेल ना. ...चिमे, जाळी उलटी आहे म्हणजे तिला अडवणारं काही नाही. बरोबर?

धाकटी: बरोबर.

थोरली: मग ती सगळीच्या सगळी सरळ बाहेर येईल. भांडं तिच्यावरून सरकवायचंच कशाला? जाळीसकट ट्रॉलीवर घेऊ.

नवरा: अख्खी?

थोरली: अख्खी. फक्त मध्ये फट नको. ट्रॉली अगदी ओव्हनच्या तोंडाशी भिडवा. अजून. अजून.

नवरा: बंपर टेकला. चाकं परत अडकवली.

थोरली: तुम्ही मागे जा, तुमच्या पाठीचा भरवसा नाही. चिमे, मोठा मोजा घाल त्या कपाटातला. दोन्ही हातांनी ट्रॉली तिकडून धर. चाकं अडकवलेली आहेत, तरी ती मागे हटता कामा नये. जाळीला हात लावायचा नाही. ओढणार मी.

धाकटी: माझे हात थरथरतायत.

थोरली: माझा एकच आहे, तो नाही थरथरत. धरलीस?

धाकटी: धरली.

थोरली: पोट लाव तिला. हां. आता येते बघ. हळू... हळू... लादीवर चढली कड. दिसली?

धाकटी: चढली. ताई, चढली!

थोरली: मला दिसत नाहीये, तू सांगत राहा. सरळ येतेय?

धाकटी: सरळ आहे. थोडी डावीकडे. हां, आता सरळ. अर्धी आली. भांडं लादीच्या वर आलं. अजून ओढ. अजून. आली. आली गं! पूर्ण आली!

नवरा: वा! याला म्हणतात स्टँडला गाडी लावणं!

थोरली: ओव्हनचं दार लावा कुणीतरी. वाफ लागतेय तोंडाला.

धाकटी: ताई, एक थेंब सांडला नाही.

थोरली: तू सांगत होतीस ना, म्हणून.

धाकटी: मी जाळी उलटी घातली म्हणून हे सगळं.

थोरली: ते आहेच. पण मला ही युक्ती सुचली नसती एरवी. आता पुढच्या वेळी मुद्दाम उलटी घालेन. काय रडतेस? मोजा घालून डोळे पुसू नकोस, मसाला जाईल.

धाकटी: रडत नाहीये. ...थांब, एक फोन करते. हॅलो, मॅनेजरसाहेब? हो, ताईची बहीण बोलतेय. ते डबे लागणार नाहीत. नाही, बिघडलं काहीच नाही. अहो साहेब, तुम्ही रिकाम्या पोटी या. माझी बहीण काय करते ते तुम्हाला इतक्या वर्षांत कळलं नाही, मला आज कळलं. हो. या.

नवरा: एवढ्या मोठ्याने बोललात की त्याला फोनची गरज नव्हती.

थोरली: आणि ते डबे टाकायचे नाहीत. अन्न आहे. यांच्याबरोबर कँटीनमध्ये पाठव. संध्याकाळच्या पाळीला उपयोगी पडतील. म्हणावं, बाईंनी पाठवलंय.

नवरा: मी पाठवलंय म्हणून सांगू का? माझंही कधी नाव होऊ दे.

थोरली: तुमचं नाव ट्रॉलीवर घाला. आणि तो शर्ट बदला, बटाट्याचा हात पुसलाय तुम्ही त्याला.

(बाहेर गाड्या थांबल्याचा, माणसं उतरल्याचा आवाज.)

नवरा: आले! सगळीच आलीत. भांडी घासणारा म्हाताराही आलाय, काठी घेऊन. दार उघडतो मी.

धाकटी: बाहेरच्या खोलीत टेबल मांडलंय, ताई. तू बस तिथे. मी एकेक आणून वाढते. ट्रे मी नेते.

थोरली: ट्रे कुठेही जात नाही. तो दारातच राहील, मी दारातूनच वाढणार. पाव त्या फळीवर आहे, ओळीने कापलेला. भाज्या ट्रॉलीवर. त्यांना म्हणावं, ताटं घ्या आणि स्वयंपाकघरात या.

धाकटी: सगळ्यांना इथे? उभ्याने?

थोरली: रोज कसे यायचे माझ्याकडे? तसेच. एकामागे एक.

धाकटी: आणि मी काय करू?

थोरली: तू ताट घे. आणि रांगेत सगळ्यांत पुढे उभी राहा.